पाचाला एक

दोन म्हशी दावणीला असलेल्या घरात मला कोरा चहा मिळाला. भूम तालुक्यातलं, बालाघाटाच्या रांगेतलं गाव. सकाळचे आठ वाजत आलेले, धारा काढून तास-दीड तास झालेला. आजींनी कप हातात देताना अवघडून सांगितलं, "दूध भट्टीला गेलं बाई. थोडं आधी आला असता तर ठिवलं असतं." सून चुलीपुढून म्हणाली, "दुधाचा चहा प्यायचा तर फाट्यावर. तिथं झ्याक मिळतो." तिच्या बोलण्यात तक्रार होती की नुसती माहिती, ते मला कळलं नाही. पण दूध ज्या घरातून निघतं तिथं कोरा चहा, आणि ज्या हॉटेलात पोचतं तिथं सायीचा, हे काही मनातून जाईना. गावात मी वेगळ्याच कामाला आले होते. ते आटोपलं आणि फाट्यावर गेले. नंतरही जात राहिले.

गावाचं नाव मुद्दाम घालत नाही, हॉटेलाचंही नाही. भूम, वाशी, कळंब या पट्ट्यात अशी हॉटेलं ठिकठिकाणी आहेत. पुढं पत्र्याचं शेड, चार बाकडी, काचेच्या कपाटात पेढे नि गुलाबजाम, भज्यांची परात. एसटीची वाट बघायची ती इथंच. मागं भिंतीआड खव्याची भट्टी. बाकड्यावर बसलेल्याला मागचं काही दिसत नाही, फक्त वास येतो. बाभळीच्या लाकडाचा धूर आणि त्यात आटत्या दुधाचा गोडसर, जरा करपट वास. घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी ओढणी धुवायला काढली, तर तो तिच्यात तसाच होता.

दूध येतं ते सकाळी साडेसहापासून. मोटारसायकलला दोन्ही अंगांना कॅन अडकवून गडी येतात, जवळच्या बाया किटली घेऊन चालत. मालक काट्यापाशी, त्याचा मुलगा फॅटच्या मशीनपाशी. सरकारी भावाचं गणित म्हशीच्या दुधाला ६ फॅट आणि ९ एसएनएफवर (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) बेतलेलं असतं. इथं मालकाचा भरवसा मात्र उताऱ्यावर. कुणाच्या दुधाला किती खवा उतरतो, हे त्याला घराघराचं तोंडपाठ आहे. वहीत आकडा पडतो, दहा दिवसांनी हिशेब होतो. आकड्यावरून कुरबुर रोजची. "कालच्यापेक्षा पॉइंट कसा कमी लागला?" "रात्री पाणी जास्त पाजलं असंल." दोघंही हसत नाहीत.

खरं बघायचं ते भिंतीआड.

मातीच्या लांब भट्टीवर ओळीनं कढया बसवलेल्या. त्यांच्यापुढं पन्नाशीचा एक माणूस उभा असतो. अंगात बंडी, मनगटाला ओला रुमाल गुंडाळलेला, उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आलेला. दूध कढईत पडलं की जाळ मोठा. पहिली उकळी येईपर्यंत सोपं असतं. ऊत आला की सराटा फिरवून तो खाली बसवायचा, एवढंच. पुढं मात्र हात थांबत नाही. सराट्याची धार बुडाला लावून गोल, मग कडेला चिकटलेलं खरवडून आत, पुन्हा बुडाला. सराट्यानं लोखंड घासल्याचा आवाज अखंड चालू. दुधाचा पांढरेपणा जातो, पिवळट झाक येते, वाफ दाट होते. दहा-बारा मिनिटांत रबडीसारखं झालं की तो वाकून दोन लाकडं मागं ओढतो. हे त्यानं नेमकं कधी करायचं ठरवलं, ते मला बराच वेळ उमगलं नाही, कारण त्याचं लक्ष त्या कढईकडं नव्हतंच. तो शेजारच्या कढईत बघत होता.

विचारलं तर म्हणाला, "बघून उशीर होतो ताई. ऐकायचं."

मग मीही ऐकत उभी राहिले. सुरुवातीला खळखळ असते, पातळ आणि घाईची. पाणी कमी होत जातं तसे बुडबुडे जड होतात, फुटताना फदफद वाजतात. शेवटाला तो आवाज तुटक होतो, दोन बुडबुड्यांमध्ये जागा पडते. त्या जागेत लाकूड ओढलं पाहिजे. पाच-सात सेकंद पुढं गेलं तर बुडाला लागतं, आणि बुडाला लागलेल्याचा वास साऱ्या घाण्याला लागतो. लाकूड ओढल्यावर नुसत्या निखाऱ्यांवर शेवटची मळणी होते. खवा कडा सोडतो, एका गोळ्यात जमतो, सराट्यावरून सुटताना चकाकतो, कडेला तुपाचे बारीक थेंब दिसतात. कढई उतरते, गोळा परातीत पडतो, नवं दूध ओततात. अर्ध्या तासाच्या आत-बाहेर सारं. सकाळपासून दुपार उलटेपर्यंत एकामागून एक हेच. मे महिन्यातही. त्या भिंतीआड मी उभी राहिले तेवढ्या वेळात माझा चेहरा भाजल्यासारखा झाला होता, आणि मी नुसती उभी होते.

"पाचाला एक," तो म्हणाला. पाच लिटर दुधाला एक किलो खवा. "चार लिटर आभाळाला."

मी घरी येऊन हिशेब घालून पाहिला. म्हशीच्या दुधात सोळा-सतरा टक्के घन पदार्थ असतात: स्निग्धांश, प्रथिनं, दुधातली साखर, क्षार. पाच लिटरमध्ये ते साडेआठशे ग्रॅमच्या आसपास भरतात. चांगल्या खव्यात वीस-पंचवीस टक्के पाणी राहतंच. दोन्ही मिळून किलो, किंवा किलोच्या थोडं वर. पाचाला एक, बरोबर. गाईच्या दुधात घन पदार्थ कमी, म्हणून तिथं सहा लिटर किंवा त्याहूनही जास्त लागतं. उरलेली चार लिटर वाफ करायला जेवढं जळण लागतं आणि जेवढा हात लागतो, तो सगळा त्या एका किलोत जातो. मिठाईच्या दुकानात खवा तोलून घेताना हे कुणाच्या मनात येत नाही. माझ्याही कधी आलं नव्हतं.

हा धंदा इथंच का वाढला, याचं उत्तर पायाखाली आहे. बालाघाटाच्या माथ्यावरची जमीन हलकी, खाली मुरूम. ज्वारी होते, तिचा कडबा होतो, आणि कडब्यावर जनावर जगतं. पाऊस दगा देतो. १९७२ इथल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजून येतं, २०१२-१३ आणि २०१५-१६ तर पोरांनाही आठवतं. पीक जातं तेव्हा दुभतं जनावर घर धरून ठेवतं. पण दूध नासतं, आणि शहर लांब. शीतकरण केंद्रं, टँकर, संघ हे सगळं पश्चिम महाराष्ट्रात जसं गावोगाव पोचलं तसं या बाजूला पोचलं नाही. मग दुधाला प्रवासाला धाडायचं तर त्यातलं पाणी काढून धाडायचं. खवा दोन-तीन दिवस तग धरतो, थंड ठेवला तर आणखी. तो पुणे-सोलापूर-हैदराबादेला पोचतो. म्हणजे डोंगरावरच्या माणसांनी आपली अडचण आटवून तिचा माल केला. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं आणि ते मी लपवणार नाही.

गावाचं मात्र एकमत नाही.

निवृत्त गुरुजी सगळ्यांत कडक बोलतात. "भट्टी आली आणि गावातलं ताक गेलं." मला आधी ते जुन्या काळाचं उसासणं वाटलं. मग त्यांनी नीट समजावलं, आणि मी ऐकलेल्या मतांत तेच सगळ्यांत विचार करायला लावणारं होतं. पूर्वी घरात विरजण लागायचं, लोणी निघायचं, तूप कढवून बार्शीच्या बाजारात जायचं. पैसे तेव्हाही मिळायचे. पण लोणी काढल्यावर ताक उरायचं, आणि ताक विकत नसत. सकाळी शेजारणी, शेतातले गडी, ज्यांच्या दावणीला शेळीसुद्धा नाही अशी माणसं तांब्या घेऊन यायची. भाकरी कुस्करून ताकात खाल्ली की गरिबाच्या लेकराच्या पोटात तेवढं तरी जायचं. खव्यात असं काही उरत नाही. पाचाला एक निघतो आणि बाकीचं वाफ होऊन जातं, वाटायला मागं थेंब राहत नाही. गुरुजींच्या शाळेत माध्यान्ह भोजन सुरू झालं तेव्हा दुपारच्या सुट्टीत ओळीनं बसलेल्या मुलांचे दंड ते बघायचे. "ज्याच्या घरी दोन म्हशी त्याच्याही पोराचे दंड काडीसारखे," असं ते म्हणतात, आणि त्याचा दोष भट्टीला देतात.

त्याच गल्लीत ती सून. तिला हे मत ठाऊक आहे आणि ते तिला पटत नाही. "गुरुजींना पेन्शन हाय," एवढंच ती म्हणाली. तूर-सोयाबीन वर्षातून एकदा पैसा देतं, तोही सावकार, दुकानदार, खतवाला यांच्यात वाटून. म्हैस दहा दिवसाला देते, आणि तो पैसा तिच्या हातात येतो. नवऱ्याच्या नाही. वहीत नाव तिचं लावून घ्यायला तिला भांडावं लागलं होतं. मुलीची बारावीपर्यंतची फी, बसचा पास, बचत गटाचा हप्ता, सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन, सगळं त्या वहीतून झालं. तिनं मला वही दाखवली. कडेला शाईचे डाग, पानांवर दुधाचे पिवळे ठिपके, आणि सकाळ-संध्याकाळचे आकडे, एकाही दिवसाची रिकामी जागा नाही. पहाटे साडेचारला उठून शेण काढण्यापासून तिचा दिवस सुरू होतो हे त्या वहीत लिहिलेलं नसलं, तरी त्या भरलेल्या रकान्यांत मला ते दिसलं.

भट्टीच्या पाठीमागच्या घराला धुराचं दुःख. वारा फिरला की वाळत घातलेले कपडे काळे, म्हाताऱ्याची धाप वाढते. ग्रामपंचायतीत दोनदा अर्ज झाला. धुराडं उंच केलं, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. ओढ्याकाठची बाभळ कमी झाली हेही खरं. बांधावरची झाडं विकून मुलीचं लग्न उरकलेला शेतकरी मात्र भट्टीचं नाव वाईट घेत नाही. आता बरीचशी वेडी बाभळच जळते.

पुढच्या हॉटेलाबद्दल तक्रार वेगळी. पोरं सकाळपासून बाकड्यावर मोबाइल घेऊन बसतात, शेताकडं फिरकत नाहीत, असं वडील मंडळी सांगतात. ती सांगत असतात तेव्हा तीही बाकड्यावरच असतात. शेतात काम महिन्यातले थोडे दिवस, नोकऱ्या नाहीत, वाचनालय बंद पडलेलं. पोरांनी बसायचं कुठं, याचं उत्तर कुणी देत नाही, म्हणून मला त्या तक्रारीत जोर वाटला नाही.

मला खटकलं ते दुसरंच. इतक्या वेळा गेले, त्या बाकड्यांवर गावातली बाई मी पाहिली नाही. एसटीच्या प्रवासी बाया बसतात, पिशवी मांडीवर घेऊन, चहा संपवून उठतात. गावातल्या बाया मागच्या दारानं येतात, किटली रिकामी करतात, आकडा बघतात, मागच्या दारानं जातात. मी आजींना विचारलं, फाट्यावरचा चहा कधी घेतलाय का? "बाईमाणूस कुठं बसतंय तिथं?" आणि मग जरा थांबून, "एकदा पोरानं पार्सल आणला हुता. ग्वाड हुता." घटनेच्या १५व्या कलमात दुकानं आणि उपाहारगृहं सगळ्यांना खुली असतील असं लिहिताना धर्म, वंश, जात, जन्मस्थान यांच्याबरोबर लिंग हाही शब्द घातलेला आहे. आजींना कुणी अडवलेलं नाही. मालकाला विचारलं तर तो दचकलाच, "बसू द्या की, कोण नको म्हणतंय?" पण ज्या हॉटेलातला चहा, पेढा, गुलाबजाम तिच्या दावणीच्या दुधावर उभा आहे, त्याच्या बाकड्यावर आपण बसावं, असं तिला तिच्या साऱ्या हयातीत वाटू दिलं गेलं नाही. माझ्या मते धुरापेक्षा हे मोठं दुखणं आहे, आणि त्याचा अर्ज ग्रामपंचायतीत कुणी केलेला नाही.

खव्याला नाव मिळालं ते कुंथलगिरीचं. भूम तालुक्यातल्या त्या टेकडीवर जैनांचं सिद्धक्षेत्र आहे. देशभूषण आणि कुलभूषण मुनींचं ते निर्वाणस्थान मानतात, आणि १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी तिथंच सल्लेखना घेतली. दर्शनाला लांबून येणारा माणूस जाताना पेढा नेतो. खवा पुन्हा कढईत टाकून साखरेबरोबर मंद आचेवर परतत राहायचा, तपकिरी रंग चढेपर्यंत. दुधातली साखर आणि प्रथिनं तापून एकमेकांशी मिळतात, त्यातून तो रंग आणि तो खरपूस वास येतो. हायवेच्या कडेला सरमकुंडी फाट्यापाशीही या पेढ्यासाठी गाड्या थांबतात. डब्यावर कुंथलगिरी लिहिलेलं असतं. त्याच्या मागं किती गावांच्या किती भट्ट्या आहेत, ते डब्यावर मावत नाही.

दिवाळी जवळ आली की दुसरीकडून मार बसतो. भेसळीच्या बातम्या येतात, अन्न व औषध प्रशासनाच्या धाडी पडतात, आणि शहरातला माणूस खवा म्हटलं की नाक मुरडतो. नियम स्पष्ट आहे. खव्यातलं पाणी वगळून जो भाग उरतो त्यात निदान ३० टक्के दुधाचा स्निग्धांश हवा. पिठूळ पदार्थ मिसळला असेल तर आयोडिनचा थेंब टाकल्यावर निळा रंग येतो. मालकानं माझ्यासमोर बशीत खवा घेऊन थेंब टाकला. आयोडिन पिवळट तपकिरीच राहिलं. "हे पुण्यात कुणाला दाखवू?" तो म्हणाला. भेसळ करणारा त्याच बाजारात त्याच्यापेक्षा कमी भावानं विकतो, आणि बदनामी दोघांची सारखी होते. पाचाला एक हा हिशेब पक्का असेल तर दुधाच्या भावाच्या पाचपटीच्या आत खवा कुणाला परवडणार नाही. जळण, मजुरी, गाडीभाडं त्याच्यावर. त्याहून स्वस्त खवा दिसला तर त्यात दुसरं काहीतरी आहे, एवढं गिऱ्हाइकानं समजून घ्यायला काय हरकत आहे?

मालकाबद्दलही सांगायला हवं. गावात त्याला चांगलं म्हणणारे आणि शिव्या घालणारे सारखेच. म्हैस घ्यायला तो उचल देतो. बँकेत महिनोन्‌महिने फेऱ्या मारूनही जे मिळत नाही ते इथं संध्याकाळी मिळतं. पण उचल घेतली की दूध दुसरीकडं घालता येत नाही, भाव तो म्हणेल तो. वहीतली बाकी फिटत आली की घरात काहीतरी निघतं, लग्न, दवाखाना, आणि बाकी पुन्हा वाढते. २०२५च्या सप्टेंबरात भूम-परंड्यात पूर आला तेव्हा दावणीची जनावरं दाव्यासकट वाहून गेली. ज्या म्हशीवर उचल घेतली ती म्हैस नाही आणि उचल मात्र वहीत, अशी घरं या पट्ट्यात आहेत. मालकाचं म्हणणं असं की शहरातला व्यापारी त्याचे पैसे दीड-दीड महिना अडकवतो, तोही कुणाच्या तरी वहीत आहे. ते खरं असेल. तरी उचल फेडल्याची पावती द्यायला शहराच्या व्यापाऱ्यानं त्याचा हात धरलेला नाही.

मी शेवटी गेले तेव्हा भिंतीआड मापं घेणं चाललं होतं. मालक वाफेवरच्या कढया बसवायच्या विचारात आहे. एक बॉयलर, दुपदरी कढया, आणि आत मोटरीवर फिरणारा पंखा. धूर जवळजवळ बंद होईल, म्हणून मागचं घर खूश. लाकूड वाचेल, म्हणून गुरुजीही मान हलवतात, ताकाचं दुःख बाजूला ठेवून. दूध घालणाऱ्यांना भाव वाढणार का एवढंच विचारायचं आहे, आणि त्यावर मालक अजून बोलत नाही. त्यानं कर्जाच्या अर्जाला जोडायचा कागद मला वाचायला दिला. दूध, वीज, पाणी, हप्ता, सगळं रकान्यांत मांडलेलं होतं. मजुरीच्या रकान्यात एकाच माणसाचा पगार, मशीन बघणारा, "आयटीआय झालेला" अशी नोंद.

मी तो कागद घेऊन कढईपाशी गेले. सराटा फिरवणाऱ्या त्या माणसाला वाचता येतं. सराटा फिरवत फिरवत त्यानं तो वरपासून खालपर्यंत बघितला आणि विचारलं, "उतारा किती धरलाय?"

"पाचाला एक," मी सांगितलं.

"पंख्याला कडंचं खरवडता येत नसंल," तो म्हणाला. "थोडं कमी धरा म्हणावं." आणि वाकून त्यानं दुसऱ्या कढईखालचं लाकूड ओढलं.